ब्रेक अचानक ‘फेल’ होत नाही, आधी मऊ पडतो

घाटात गाडी दरीत गेली की बातमीत ठरलेलं वाक्य असतं, ‘ब्रेक फेल झाल्याने अपघात’. आपण हळहळतो आणि विषय मिटतो, जणू वीजच पडली. माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, ब्रेक बहुतेक वेळा असा एका क्षणात जात नाही. आधी कित्येक दिवस पॅडल मऊ लागत असतं आणि ते ड्रायव्हरच्या पायाला कळत असतं.

आपल्याकडच्या वडाप जीप, शाळेच्या व्हॅन, भाजीचे टेम्पो बघा. ‘दोन पंप मारले की लागतो ब्रेक’ हे इतक्या सहज सांगतात, जसं ‘दार जरा जोरात लावा’. माझी स्वतःची जीप २००८ ची, त्यामुळे गॅरेजात बसणं होतं. तिथं हे वाक्य मी नेहमी ऐकतो. पंप मारून गाडी चालवणं याला आपण हुशारी समजतो. ती हुशारी नाही, टाळलेली दुरुस्ती आहे.

आणि दोष ओळखणं काही अवघड नाही.

गाडी उभी, इंजिन चालू ठेवून पॅडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठं गळती नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय.

दोन-तीन पंपांनी पॅडल वर येऊन टणक राहत असेल, तर मागच्या ड्रमचे लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टमेंट सैल आहे. वर येऊनही स्पंजासारखं दबत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे.

डबीतलं ऑइल पुन्हापुन्हा उतरत असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा.

आणि सगळ्यात फसवा प्रकार : गावात ब्रेक ठीक, घाट उतरताना मऊ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० वर येते. पसरणी किंवा कुंभार्ली घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकाजवळचं ऑइल तापतं, त्याची वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल तळाला जातं. खाली आल्यावर थंड झालं की परत ठीक! मग मिस्त्री तरी काय शोधणार? म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इंजिनाच्या एका सर्व्हिसिंगपेक्षाही त्याला कमी खर्च येतो.

‘पण फिटनेस आहे की’, असं मालक म्हणतात. आठ वर्षांवरच्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो, हे खरं. पण तो त्या दिवशीचा दाखला. ऑइलमध्ये किती पाणी मुरलंय हे त्या कागदावर नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९० वाचण्यासारखं आहे. साधी काळजी घेतली असती तर समजला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघेही त्यात येतात. आपल्याकडे मात्र बोट एकट्या ड्रायव्हरकडे जातं. त्यानं ‘पॅडल खाली जातंय’ म्हणून सांगितलेलं असतं आणि उत्तर मिळालेलं असतं, ‘काढ की अजून चार दिवस.’ रोजंदारीवरचा माणूस पुढं काय बोलणार?

म्हणून पालकांना आणि रोज वडापनं जाणाऱ्यांना माझी विनंती. व्हॅनवाल्या काकांशी भांडू नका. मालकाला विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पावती दाखवा. दहा पालकांनी एकत्र विचारलं तर ड्रायव्हरच्याही म्हणण्याला वजन येईल. शाळेनंही व्हॅनच्या कागदांमध्ये ही पावती मागायला काय हरकत आहे?

पटत असेल तर आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नसेल पटत तर खाली लिहा, बोलू.