सहलीला न गेलेल्यांची शाळा कुठे भरते?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून सहलीची पत्रकं निघतात. मालवण-तारकर्ली, गणपतीपुळे, अजिंठा-वेरूळ, नाहीतर शिवनेरी-लेण्याद्री. दोन रात्री, तीन दिवस, माणशी अमुक हजार. पत्रकाच्या तळाशी एक मजकूर हमखास असतो: ‘सहल ऐच्छिक आहे. सहलीस न येणाऱ्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या वेळेत शाळेत उपस्थित राहावे.’ मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. शाळेतून पालकांच्या हाती जाणाऱ्या कागदांत याहून खोटारडा मजकूर मी वाचलेला नाही. ज्या घरात तीन हजार रुपये एकरकमी कधी दिसतच नाहीत, तिथे ऐच्छिक काय असतं? आणि जिथे ‘उपस्थित’ राहायला सांगतात, तिथे त्या तीन दिवसांत शाळा भरतच नाही.

बघा एकदा जाऊन. आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांतली उरलेली पंधरा-वीस मुलं एका वर्गात आणून बसवलेली असतात. त्यांची हजेरी कोऱ्या कागदावर घेतात, कारण हजेरीपट कपाटात आणि कपाटाची किल्ली वर्गशिक्षकांबरोबर तारकर्लीला. वाचनालयाची किल्लीही तिकडेच गेलेली. प्रयोगशाळेला कुलूप. समोरच्या खुर्चीत बसलेले शिक्षक चाचणीचे पेपर तपासत असतात आणि मान वर न करता सांगतात, ‘आपापला अभ्यास करा, आवाज नको.’ दुसऱ्या तासाला मुलांना कोठीघरातले नकाशे आणि तक्ते झटकायला पाठवतात. मुलींना कार्यालय आवरायला बोलावतात. मधल्या सुट्टीनंतर एखादा सिनेमा लावून देतात. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं येतात. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही तर बरंच, असं त्यांना तोंडी सुचवलेलं असतं. लेखी कुणी देत नाही. लेखी दिलं तर तो दिवस कामाचा राहत नाही, आणि शाळेला तो दिवस कामाचा म्हणून दाखवायचा असतो.

हा मुद्दा मला सोडायचा नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झालं पाहिजे असं लिहिलेलं आहे. सहलीचे दिवस प्रत्येक शाळा या हिशेबात धरते. गेलेल्या मुलांना निदान किल्ला आणि समुद्र तरी दिसला. राहिलेल्या मुलांच्या त्या तासांत काय शिकवलं, हे कोणत्या टाचणवहीत लिहिलंय? एकाहीत नाही. म्हणजे सर्वांत गरीब मुलांच्या हक्काचे तास आपण दरवर्षी उघडउघड लुटतो आणि वर ‘कामाचा दिवस’ असा शिक्का मारतो. त्या दिवसांत पोरं थोडी म्हणून खिचडी न शिजवण्याची सवयही काही ठिकाणी लागली आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या दिवशी शिजवलेलं अन्न मिळालं नाही तर त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, असं माध्यान्ह भोजनाचे २०१५चे नियम सांगतात. तो भत्ता सहलीच्या दिवसांसाठी कुणा मुलाच्या हातावर पडलेला मी पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला मी सहलीबद्दल विचारलं. ‘बाई, मला गाडी लागते,’ ती म्हणाली. हीच मुलगी रोज सकाळी घाटातल्या गावातून उभ्याने एसटीचा प्रवास करून शाळेत यायची. तिला गाडी लागत नव्हती. तिचा धाकटा भाऊ आठवीत होता, दोघांचे मिळून सहा हजार होत होते आणि वडील दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवत होते. एकालाच पाठवायचं तर कुणाला, हा प्रश्न घरात उभा राहू नये म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पोटाची तक्रार तयार केली, घरी सांगितली, मैत्रिणींना सांगितली, मलाही सांगितली. दरवर्षी अशी कारणं येतात. मामाचं लग्न, आजीचं आजारपण, कुठलासा क्लास. शाळेला ती खरी मानायला आवडतात, कारण खरं कारण मान्य केलं तर काहीतरी करावं लागेल.

शाळेने केलं काय? सहल परत आल्यावर निबंधाला विषय दिला, ‘आमची शैक्षणिक सहल’. सगळ्या वर्गाला. त्या मुलीने मैत्रिणीच्या वहीतून सिंधुदुर्ग किल्ला उतरवून घेतला. कधीही न पाहिलेल्या तटबंदीवर तिने पानभर लिहिलं आणि ते अंतर्गत मूल्यमापनात तिच्या नावावर जमा झालं. अंतर्गत मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्प यांना जागा आहे ती मुलाने स्वतः काही केलं, पाहिलं, हाताळलं ते नोंदवण्यासाठी. आम्ही तिला नक्कल करायला लावली आणि तिच्या गरिबीवर पांघरूण घालायला शिकवलं. ज्याने हा विषय फळ्यावर लिहिला त्याला मी शिक्षक म्हणत नाही. हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलं आहे.

पैसा हे एकच कारण नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाला रोज इन्सुलिन टोचावं लागतं. ती जबाबदारी नको म्हणून शाळाच त्याच्या आईला सुचवते की यंदा राहू द्या. व्हीलचेअरवरच्या मुलाला तर कुणी विचारतही नाही, परस्पर ठरवून टाकतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात असं शैक्षणिक संस्थांवर बंधन आहे. मुलींच्या बाबतीत घरच्यांचा रात्रीच्या मुक्कामाला नकार असतो, आणि पाळी येईल या धास्तीने काही मुली स्वतःच मागे राहतात. या सगळ्यांना आपण एकाच बाकावर बसवतो आणि ‘न येणारे’ म्हणून मोकळे होतो. ती येत नाहीत असं नाही. आपण त्यांना नेत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या परवानगीची कडक तपासणी सुरू झाली आणि ते योग्यच झालं. गाडीचे कागद, चालकाचा परवाना, पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचार पेटी, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावं, सगळं प्रस्तावाला जोडावं लागतं. असे प्रस्ताव मी स्वतः तयार केलेत. मागे राहणाऱ्या मुलांना त्या दिवसांत कोण, काय शिकवणार याचा रकाना त्यातल्या एकाही प्रस्तावात नव्हता. जी मुलं गाडीत बसली त्यांचा हिशेब शासन मागतं. जी बसली नाहीत त्यांचा हिशेब मागायला कुणीच नाही.

शिक्षक कमी पडतात, हे उत्तर मला तोंडपाठ आहे. दहा मुलांमागे एक शिक्षक न्यायचा म्हटलं की अर्धा शिक्षकवर्ग गाडीत बसतो, मान्य. पण कोण जाणार आणि कोण राहणार हे कसं ठरतं? जे हौशी, उत्साही, मुलांत रमणारे, ते सगळे गाडीत. मागे उरतात ते निवृत्तीला टेकलेले, किंवा ज्यांचं मुख्याध्यापकांशी पटत नाही ते. राहण्याची जबाबदारी शिक्षा म्हणून वाटली जाते आणि ती शिक्षा पुढे मुलांच्या डोक्यावर उतरते. सर्वांत चांगल्या शिक्षकांपैकी निदान दोघांनी मागेच थांबलं पाहिजे. मुख्याध्यापकांनीही थांबलं पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावर फोटोत मधोमध उभं राहण्यापेक्षा ते काम मोठं आहे.

‘दोन-तीन दिवसांनी काय एवढं बिघडतं?’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्यापैकी एकाचंही मूल त्या वर्गात बसलेलं नव्हतं.

ही चर्चा मी साताऱ्यात बसून करते याची मला जास्त लाज वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र रांधून एका पंगतीत जेवली. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. कर्मवीरांच्या जयंतीला आम्ही भाषणं ठोकतो. आणि त्याच जिल्ह्यातल्या शाळा शंभर वर्षांनी मुलांच्या दोन पंगती मांडतात, एक पैसेवाल्यांची आणि एक बिनपैशांची. जयंतीचा हार घालताना हात थरथरत नाही का कुणाचा?

आता ‘काय करता येईल’ असं मला विचारू नका. करता येतं ते मी करून पाहिलंय आणि त्याला एसटीच्या तिकिटांपलीकडे दमडी लागत नाही. गेल्या वर्षी सहलीच्या दिवसांत मागच्या मुलांची जबाबदारी मी भांडून मागून घेतली. पहिल्या दिवशी चालत एसटीच्या आगारात गेलो. तिथल्या यांत्रिकांनी मुलांना खड्ड्यात उतरवलं आणि वर उभ्या असलेल्या गाडीचं पोट खालून दाखवलं. ब्रेक कुठे लागतो, धक्का कुठे झेलला जातो, तेल कुठून ठिबकतं. विज्ञानात ज्या मुलाला सदैव काठावर पास होताना पाहिलंय, त्याने यांत्रिकाला विचारलं, ‘काका, घाटात उतरताना गाडी गिअरमध्येच का ठेवायची?’ त्यावर अर्धा तास बोलणं झालं. ब्रेक तापतात म्हणजे काय, घर्षण म्हणजे काय, हे पुस्तकातून वर्षभर न उमगलेलं त्याला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने लिंब गावी गेलो. तिथली बारा मोटांची विहीर अठराव्या शतकातली, शाहू महाराजांच्या काळातली. आत उतरायला जिना, वर मोटा हाकायची जागा, मधे महालासारखं दगडी बांधकाम. मुलांनी पायऱ्या मोजल्या, दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचं अंतर मापलं, अष्टकोनाच्या बाजू टेपने घेतल्या आणि वहीत आराखडा काढला. एका मोटेत किती पाणी येत असेल आणि बारा मोटा दिवसभर चालल्या तर किती शेत भिजेल, यावर तिथेच गणित मांडलं. मोट म्हणजे काय हे तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हातवारे करून दाखवलं, बैल मागे कसा चालायचा तेसुद्धा. तिसऱ्या दिवशी शाळेत बसून मुलांनी या सगळ्याचं भित्तिपत्रक केलं आणि सहलीहून आलेल्या मुलांना लिंबच्या विहिरीबद्दल सांगितलं. त्या दिवशी दोन्ही बाजूंना सांगायला काहीतरी होतं.

यात माझं कर्तृत्व काही नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकायचे ते दिवस. मार्ग कागदावर आखलेला आहे. शाळेच्या आसपास पोस्ट, दूध संकलन केंद्र, बाजार समिती, ग्रामपंचायतीचं दप्तर, देवळाबाहेरच्या वीरगळी, नदीचा घाट, यांपैकी काहीच नाही असं एकही गाव मला दाखवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, तर शाळा मुलाकडे जाईल, एवढं साधं त्यांना सुचलं. आम्हाला मात्र वाचनालयाची किल्ली मागे ठेवायचंही सुचत नाही.

यावर काही जण लगेच म्हणतील, मग सहलीच बंद करा. हा कांगावा आहे. सहली झाल्याच पाहिजेत. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा मी पाहिलेला आहे आणि तो कुठल्याही मुलाला नाकारू नये असंच मला वाटतं. म्हणून तर ठिकाण ठरवताना वर्गातल्या सर्वांत गरीब घराचा विचार आधी झाला पाहिजे. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, तरी आरामगाडी का लागते? पैसे जूनपासून महिन्याला थोडे थोडे का घेत नाहीत? स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आणि ध्वनिवर्धकाला पैसा निघतो, मग चार मुलांच्या सहलीला का निघत नाही? शहरांतल्या ज्या शाळा विमानाने सहली नेतात, त्यांनी २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेल्या मुलांचं त्या दिवसांत काय केलं ते पालकसभेत सांगावं. शुल्क माफ केलं म्हणजे त्या मुलाला शाळेत घेतलं असं होत नाही.

तरीही काही मुलं मागे राहतीलच. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाला खरंच जायचं नसेल. त्यांच्यासाठी जून महिन्यातच वार्षिक नियोजनात स्वतंत्र वेळापत्रक असलं पाहिजे. शिक्षकांची नावं घालून, ठिकाणं ठरवून, एसटीच्या तिकिटांचा खर्च धरून. शिक्षणाधिकाऱ्यांनी ते जोडल्याशिवाय सहलीला परवानगी देऊ नये.

पालकांना माझं सांगणं आहे, विशेषतः ज्यांची मुलं सहलीला जातात त्या पालकांना, कारण शाळा ऐकते ते पैसे भरणाऱ्यांचं. यंदाचं पत्रक हाती आलं की संमतिपत्रावर सही करण्याआधी शाळेला एक चिठ्ठी लिहा. न येणाऱ्या मुलांचं तीन दिवसांचं वेळापत्रक मागा, त्यांच्याबरोबर थांबणाऱ्या शिक्षकांची नावं मागा, आणि उत्तर लेखी घ्या. ते मिळेपर्यंत सही करू नका.