किनाऱ्यावरचे सहा महिने

दर्यावर्दी माणसांविषयी लिहिणारे बहुधा समुद्राविषयी लिहितात. जहाज किनाऱ्याला लागले की त्यांची लेखणीही विसावते. ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत असेच घडत आले आहे. हंगाम सुरू झाला की फडातील खोपी, टायरगाड्या, पहाटेची थंडी आणि उसाच्या बुडाशी पाचटावर निजवलेली मुले यांची वर्णने वृत्तपत्रांत येतात. कारखान्याचा पट्टा पडला, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढले आणि टोळी गावाकडे निघाली की समाजाच्या दृष्टीने तो विषय दसऱ्यापर्यंत मिटतो. वस्तुतः या कामगारांचे भवितव्य ठरते ते फडात नव्हे, तर दोन हंगामांच्या मधल्या, घरी काढलेल्या सहा महिन्यांत. प्रश्नाचे मूळ तेथे आहे आणि उपायही तेथेच शोधला पाहिजे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न दोन्ही अंगांनी दिसतो. पश्चिमेकडे कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर कराड आणि वाळवा तालुक्यांत ऊस उभा राहिला. रेठरे बुद्रुकचा ‘कृष्णा’, यशवंतनगरचा ‘सह्याद्री’, साखराळ्याचा ‘राजारामबापू’ असे सहकारी कारखाने उभे राहिले. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत राहिले. कृष्णाकाठचा ऊस तोडण्यास बीडकडून टोळ्या येतात, तशाच जत-माणच्या कोरडवाहू गावांतूनही येतात. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला मजुरी, अशी ही विभागणी आहे. अलीकडे टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचे पाणी पूर्वेकडे सरकले हे खरे. पण ज्याच्या शिवारात पाट नाही आणि ज्याच्याकडे शिवारच नाही, त्याच्यासाठी नकाशा फारसा बदललेला नाही.

या व्यवसायात मजूर मोजण्याचे एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर तो अर्धा कोयता. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या; हिशेब मात्र एकाच नावावर, आणि ते नाव बहुधा नवऱ्याचे. बायकोच्या श्रमाला वेगळी किंमत नसल्याने तिच्या आजारपणालाही वेगळी जागा नाही. तिचा खाडा हा साऱ्या कोयत्याचा खाडा ठरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला व चौकशी समिती नेमावी लागली, त्याच्या मुळाशी हेही एक कारण होते.

आता घरच्या सहा महिन्यांकडे पाहू. वैशाखात जोडपे गावी परतते तेव्हा हाती फार थोडे असते, कारण हंगामाची मजुरी आधीच उचल म्हणून खर्च झालेली असते. मे महिन्यात लग्नसराई येते. जूनमध्ये बियाणे आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च येतो. हंगामभर अंगावर काढलेली दुखणी पावसाळ्यात डोके वर काढतात. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीतील बाजरी आणि मटकी घरापुरतीही पुरत नाही. याच वेळी मुकादम दारात येतो. तो परका नसतो. गावचाच, कधी भावकीतलाच असतो. बँक जे देत नाही ते तो विनातारण देतो. तारण एकच असते : येत्या हंगामातील दोघांचे श्रम.

या व्यवहाराचा हिशेब साधा आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली व दर टनाला सुमारे ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि दीडशे दिवस एकही खाडा न करता काम केले, तर तीनशे टनांचे एक लाख दहा हजारांच्या आत-बाहेर होतात. उचल लाखाच्या घरात असेल, तर सारा हंगाम ती फेडण्यातच जातो. त्यात पाऊस लांबला, उसाला उतार पडला किंवा बाळंतपण आले, की ‘बाकी’ उरते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. दरवाढ झाली की उचलही वाढते. म्हणून केवळ दरवाढीने हा फास सैल होत नाही. मजुरी किती मिळते याइतकेच ती केव्हा मिळते, हेही महत्त्वाचे आहे.

समुद्राचा दाखला येथे अलंकारापुरता नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बंदरांत खलाशांची स्थिती हीच होती. सफर संपवून उतरलेल्या खलाशाला खाणावळवाले दलाल गाठत, उधारीवर ठेवून घेत आणि पुढच्या सफरीच्या आगाऊ पगारावर हक्क सांगून त्याला जहाजावर चढवीत. १८८४ साली तेथील कायद्याने आगाऊ पगारास बंदी घातली. परंतु १८८६ च्या दुरुस्तीने धनकोच्या नावे पगार लावून देण्याची वाट मोकळी केली आणि दलाल पुन्हा परतले. पक्का बंदोबस्त व्हायला १९१५ चा कायदा यावा लागला. मुंबई बंदरातही भरती सारंग व दलाल यांच्या हाती होती आणि कोकणातील खलाशाला लाच दिल्याखेरीज जहाज मिळत नसे. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात या भरतीपद्धतीची चर्चा आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोंदणी कार्यालयांतून पाळीने भरती सुरू झाली तेव्हा दलालाची पकड ढिली झाली. खलाशाची सुटका जहाजावर झाली नाही, किनाऱ्यावर झाली, हा या इतिहासाचा बोध आहे.

याला कारखानदार व वाहतूकदार यांचे उत्तर ठरलेले आहे : उचल दिली नाही तर टोळी येणार नाही, आणि उचल देऊनही ती येईल याची खात्री नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. सांगली, सातारा व कोल्हापूरच्या अनेक ट्रॅक्टरमालकांचे पैसे मुकादमांनी बुडवले आहेत. कर्ज काढून वाहन घेतलेला तरुण शेतकरी त्यात उद्ध्वस्त झालेला आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. ज्या पद्धतीत घेणारा कायमचा बांधला जातो आणि देणारा कायमचा भयात राहतो, ती पद्धत दोघांच्याही हिताची नाही. तिचा खरा लाभ मधल्या माणसाला होतो.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात उचलीपोटी बांधून घेतलेल्या श्रमाची दखल आहे. ऊसतोडणी कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावे महामंडळही स्थापन झाले आहे. उणीव आहे ती हे सारे कामगाराच्या गावी आणि योग्य महिन्यात पोहोचण्याची. उचल वाटली जाण्यापूर्वी, आषाढ-श्रावणातच, ग्रामपंचायतीत नवरा व बायको या दोघांची स्वतंत्र नावांनी नोंद व्हावी. उचल रोख न देता दोघांच्या खात्यांवर जमा व्हावी, तिला मर्यादा असावी आणि पासबुकात फेड दिसावी. एका हंगामाची बाकी दुसऱ्या हंगामात ओढण्यास मनाई असावी. स्त्रियांची वैद्यकीय तपासणी फडात नव्हे, तर घरच्या मुक्कामात प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. मुले जूनमध्ये पटावर असतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. तेव्हा हंगामी वसतिगृहाची मागणी ऑगस्टमध्येच नोंदवली गेली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत गावात काम मिळाले पाहिजे. रोजगार हमीची कल्पना याच मातीतली आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ साली त्या भागात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने तेच तत्त्व देशभर नेले. चैत्रात परतलेल्या जोडप्याला आषाढापर्यंत गावातच बांधबंदिस्तीचे काम व वेळेवर मजुरी मिळाली, तर भाद्रपदात मुकादमापुढे हात पसरण्याची निकड निम्म्याने कमी होईल. मग ते फडावर गेले तरी आपल्या अटींवर जातील.

ऊसतोडणी यंत्रे आता शिवारात उतरू लागली आहेत. ती वाढतील तसा कोयत्याचा भाव घटेल आणि डोक्यावरची बाकी मात्र तशीच राहील. त्यापूर्वी हा हिशेब मिटवणे, हे साखरेच्या पैशावर शाळा-महाविद्यालये उभारणाऱ्या कृष्णाकाठचे कर्तव्य आहे. ते उपकार म्हणून नव्हे, तर देणे म्हणून करावयाचे आहे.