बाक, बँक आणि अधिकोष

मराठीवर प्रेम करणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक मराठी बोलणारे आणि दुसरे मराठी सुधारणारे. पहिल्यांचा मला कधी त्रास झालेला नाही. ते खिडकीशी येतात, ‘सायेब, तेवढं बुक भरून द्या की’ म्हणतात, बुक भरून घेतात आणि बुक्क्याचा हात माझ्या रजिस्टरला पुसून निघून जातात. दुसऱ्या प्रकारचे लोक वर्षातून एकदाच, २७ फेब्रुवारीला येतात. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शाल आणि नारळ स्वीकारतात, आणि आम्ही जे बोलतो ते मराठी नव्हे असे पाऊण तास मराठीत सांगून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर या मंडळींना भलताच जोर चढला आहे. कुळाला पदवी मिळाली की घरातल्या जुन्या गड्याला आधी काढून टाकावे, तसे त्यांचे चालले आहे.

यंदाचे आमच्या शाखेतले पाहुणे म्हणाले, “बंधुभगिनींनो, ज्या वास्तूत आपण बसलो आहोत तिचे नावच परके आहे. बँक! हा कुठला शब्द? आजपासून अधिकोष म्हणा.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत चार पेन्शनर होते. ते व्याख्यानासाठी आलेले नव्हते. त्या दिवशी खुर्च्या मांडल्या होत्या म्हणून ते बसले होते. हा खुर्चीचा मुद्दा वाचकांनी जरा बाजूला मांडून ठेवावा, पुढे हिशेबात घ्यायचा आहे.

मी पडलो बी. कॉम. आम्हा लोकांना एक खोड असते. खाते बंद करायचे म्हटले की आधी त्याचा उतारा काढून बघायचा. कुठून आले, किती आले, काही येणे-देणे शिल्लक आहे का. तेव्हा बँक या शब्दाचे खाते बंद करण्यापूर्वी मी त्याचा उतारा काढला. आणि काय सांगू, पंढरपुरात बसून अर्ध्या युरोपची वारी झाली.

बँक म्हणजे बाकडे. थट्टा नव्हे, अगदी लेखी. जुन्या जर्मानिक भाषांतला हा शब्द, अर्थ बसायचे बाक. तो इटलीत गेला. तिथे नाणी बदलून देणारे सराफ चौकात बाक मांडून बसत. त्या बाकाला ‘बांको’ म्हणत, आणि पुढे बाकावरच्या धंद्यालाच बाक म्हणू लागले. इटालियन लोकांनी एवढेच केले, की लाकडी वस्तूला पुल्लिंगी ‘बांको’ ठेवले आणि पैशाच्या संस्थेला स्त्रीलिंगी ‘बांका’ म्हटले. पैसा हाताशी धरून ठेवायचे काम त्यांनी स्त्रीलिंगाकडे दिले. आमच्या घरीही तीच व्यवस्था आहे, म्हणून मला त्यात नवल वाटले नाही.

आता हाच शब्द देशोदेशी काय काय करतो पाहा. जर्मन माणूस ‘बांक’ म्हणाला तर तो बसायला निघाला की पैसे काढायला, हे एकवचनात कळत नाही. अनेकवचनात मात्र कळते. बाके असतील तर ‘बेंके’, बँका असतील तर ‘बांकेन’. हॉलंडात बांक म्हणजे घरातला सोफासुद्धा. तेव्हा ‘आमचे हे दिवसभर बांकेवर असतात’ असे तिथली गृहिणी म्हणाली तर ते कौतुक आहे की तक्रार, हे आवाजावरून ओळखावे लागेल. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत ‘बांको’ म्हणजे बाकही आणि बँकही, शिवाय स्पेनमध्ये माशांचा थवाही बांकोच. फ्रेंचांनी बाकाला ‘बां’ आणि बँकेला ‘बांक’ अशी वाटणी केली आणि मासे बाकाच्या वाटणीला दिले. इंग्रजांकडे ‘बेंच’ घरचाच होता, तरी त्यांनी इटलीकडून फ्रान्समार्गे ‘बँक’ उसना आणला. त्यांची नदीकाठची बँक तिसरीकडून आली, पण तीही याच गोतावळ्यातली. इटलीतल्या सिएना गावी १४७२ साली जी पेढी निघाली आणि जी अजून चालू आहे, तिच्या नावातला मूळ शब्द बाक नसून ‘मोंते’, म्हणजे डोंगर. पैशाची रास या अर्थी. आमच्याकडे डोंगर कर्जाचा असतो, एवढाच फरक.

बाकाचा परिवार इथे संपत नाही. लहान बाक ते ‘बांकेत्तो’, त्यावरून इंग्रजी ‘बँक्वेट’, म्हणजे मेजवानी. मोडके बाक ते ‘बांकारोत्ता’, त्यावरून ‘बँकरप्ट’. बुडालेल्या सराफाचे बाक लोक चौकात खरोखरच फोडत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, शब्दात बाक मोडलेले आहे एवढे नक्की. आणि बाकावर चढून बोलणारा तो इंग्रजीतला ‘माउंटबँक’, म्हणजे भोंदू वैदू. कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात स्टुलावर उभा राहून जो माणूस गुडघेदुखीपासून वशीकरणापर्यंत सगळ्यावर एकच बाटली विकतो, त्याला युरोपात काय म्हणत असतील हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

यावर पाहुणे म्हणतील, “असेना का बाक! मराठीशी त्याचा काय संबंध?” तेच तर सांगतो आहे. मराठीतले ‘बाक’ तरी कुठून आले? शाळेतले बाक, ज्यावर आपण कर्कटकाने नाव कोरले ते? तेही याच बांकोचे पोर. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात उतरले, त्यांच्याबरोबर पाव, चावी, बटाटा, पगार ही मंडळी आली, तसे बाकही आले. कोकणीत आजही ‘बांक’ म्हणतात. पुढे इंग्रज आले आणि तोच शब्द बँक होऊन दुसऱ्यांदा आला. मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे निघाली तेव्हा बाक आपल्याकडे केव्हाच येऊन बसले होते. म्हणजे एकाच बापाची दोन लेकरे, एक गोव्याच्या बंदरात उतरले, एक मुंबईच्या. दोघांची भेट झाली ती आमच्या शाखेत. आणि आपले सुधारक त्यातल्या बाकावर खुशाल बसून बँकेला परकी म्हणतात!

(पगाराचेही सांगून टाकतो. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे अर्थ आहे शांत करणे. एक तारखेला संध्याकाळी घरी जाणाऱ्या कोणत्याही नोकरदाराला ही व्युत्पत्ती कोश न उघडता पटेल.)

इथे एका वेगळ्या पंथाचाही समाचार घेतला पाहिजे. हा पंथ शब्द हाकलून देत नाही, दत्तक घेतो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी या पंथाचे. ते म्हणाले, “अरे, बँक हा शब्द संस्कृतच आहे! वक्र, वंक, बांक, बँक. जिथे गेल्यावर माणसाला वाकावे लागते ती बँक.” कर्जखात्याच्या बाबतीत हे मला मान्य आहे, भाषेच्या बाबतीत नाही. पाठीला येणारा बाक त्या वक्रातून आला हे खरे. पण पाठीचा बाक निराळा आणि बसायचे बाक निराळे. दोघांची गाठ पडते ती फक्त शाळेत. नुसत्या कानावर भरवसा ठेवून सोयरीक जुळवायची, तर रशियात ‘बांका’ म्हणजे बरणी. लोणच्याची बरणी. तिचा आणि बँकेचा काडीचा संबंध नाही. सहीसारखी सही दिसली म्हणून चेक पास करायचा नसतो, नमुना ताडून बघायचा असतो.

सहकारी फार हिरमुसले, म्हणून मी त्यांना ग्रीसला पाठवले. ग्रीक भाषेत बँकेला बँक म्हणतच नाहीत, ‘त्रापेझा’ म्हणतात. मूळ अर्थ टेबल, म्हणजे चार पायांचे. त्यातला ‘चार’ आणि त्यातला ‘पाय’ हे दोन्ही आपल्या संस्कृत ‘चतुर्’ आणि ‘पद’ यांचे खरेखुरे चुलतभाऊ. हिंदीतली चारपाई शब्दशः तीच. म्हणजे अथेन्सचा माणूस पैसे ठेवायला चारपाईकडे जातो. आमच्या भागातल्या जुन्या म्हाताऱ्या पैसे गादीखाली ठेवत, त्या ग्रीक पद्धतीने वागत होत्या हे आज कळते आहे.

तर मुद्दा असा, की सगळ्या युरोपात हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही आणि त्यामुळे कोणाचेच अडलेले नाही. जर्मनांचे बाक इटालियनांनी नेले, इटालियनांची बँक जर्मनांनी परत आणली. कोणी जकात मागितली नाही.

राज्यव्यवहारकोशाचा दाखला लगेच पुढे येईल. यावा. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी तो कोश केला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मोठे काम. पण पुढच्या शतकातले दप्तर काढून बघा. फडणीस आहेत, चिटणीस आहेत आणि सगळ्यांच्या वर बसलेल्या ‘पेशवा’ या शब्दाचेच मूळ फारसी आहे. शनिवारवाड्यात बसून कोणाचे मराठीपण कमी झाल्याचे ऐकिवात नाही. नव्या शब्दांशी माझे भांडण नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीने महापौर दिला, दिनांक दिला, ते लोकांच्या तोंडी बसले. जे बसत नाहीत त्यांना मात्र दोरीने बांधून बसवू नये. माधव जूलियनांनी १९३८ साली या विषयावर पुस्तक लिहिले त्याचे नावच त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ ठेवले. यातला पहिला शब्द आमच्या पाहुण्यांना पाठ आहे.

आणि पंढरपुरात उभे राहून शब्दांची जात विचारायची म्हणजे कमालच. ज्याच्या दारात आपण राहतो त्यालाच ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटले आहे. एकनाथांनी तर ‘अर्जदास्त’ नावाची रचनाच केली. सोळाव्या शतकातल्या सरकारी कचेरीची भाषा, फारसी शब्दांनी खच्चून भरलेली, ती त्यांनी उचलून परमार्थाच्या कामाला लावली. कारण लोकांना ती कळत होती. नाथ आज असते तर त्यांनी केवायसीवर भारूड लिहिले असते आणि आम्हाला तोंड लपवायला जागा उरली नसती.

व्याकरणाचे म्हणाल तर बँक या शब्दाची कागदपत्रे माझ्यापेक्षा चोख आहेत. वीट, विटा, विटेवर. बँक, बँका, बँकेवर. विटेसारखी जी चालते ती परकी कशी?

तरीही कोणाला अगदी घरचाच शब्द हवा असेल, तर तो होता की! पेढी. मूळ ‘पीठिका’, म्हणजे बसायची जागा. युरोपात बाकावरून बँक झाली तशी आपल्याकडे सावकाराच्या बैठकीवरून पेढी झाली, कोणी कोणाला न विचारता. आजही पतपेढी आहे, पुस्तकपेढी आहे, रक्तपेढी आहे. रक्त पेढीत ठेवायला कोणाची हरकत नाही, पैसे मात्र अधिकोषात हवेत. गंमत अशी, की १९३५ साली ज्या पुण्यात नोंदवलेल्या संस्थेला महाराष्ट्राचे नाव द्यायचे ठरले, त्या पुण्यानेही तिला ‘बँक ऑफ महाराष्ट्र’च म्हटले. पुण्याने जे शब्द दुरुस्त केले नाहीत ते आपण दुरुस्त करायला जाऊ नये.

आता हे सगळे मी कोणासाठी भांडतो आहे? आमच्याकडे एक आजी येतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला. अक्षरओळख मोजकी, पण ‘बँक’ ही पाटी त्यांना वाचता येते, कारण ती त्यांनी चित्रासारखी ओळखून ठेवली आहे. मागे कुठल्याशा पंधरवड्याच्या निमित्ताने आमच्या खिडकीवर ‘आहरण’ अशी पाटी लागली. आजी तीन खिडक्या फिरून शेवटी मला म्हणाल्या, “लेकरा, पैशे काढायचं कुठं गेलं? हितं तर कुनाचं हरन झालंय म्हनं.”

मी म्हटले, “आजी, हितंच. नाव बदललंय नुसतं.”

“आन् मानूस?”

“माणूस तोच.”

“मग कशाला बदललं?” 

पाऊण तासाच्या व्याख्यानात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. शब्द न कळल्यामुळे माणूस दाराबाहेर राहिला तर नुकसान शब्दकोशाचे होत नाही. आजींना दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचा हेलपाटा पडतो, किंवा मग ‘फारम भरून देतो’ म्हणत दारात उभा असलेला एखादा परोपकारी गृहस्थ त्यांच्या हजारातले शंभर आपल्या खिशात घालतो. परका शब्द त्यांच्या घरात शिरून पन्नास वर्षे नांदतो आहे, त्याने त्यांची कधी अडवणूक केली नाही. अडवणूक केली ती शुद्ध शब्दाने.

आणि आता तो खुर्चीचा हिशेब. आमच्या शाखेत भिंतीला लागून एक लांबलचक सागवानी बाक होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यावर सात-आठ पेन्शनर आणि दोन-तीन आज्या सहज मावत. नूतनीकरणात ते गेले. त्या जागी काचेची पेटी आली, तिच्यात कुंडी आहे आणि कुंडीत प्लास्टिकचे झाड आहे. ज्या संस्थेचे नावच बाक, तिच्यात बाक नाही! आजी आता पायरीवर बसतात. आषाढीच्या दिवसांत तर दर्शनबारी बरी, तिथे निदान रांग पुढे सरकते आणि मध्ये कोणी चहा देतो.

पाटी बदलायला खर्च मंजूर होतो हे पाहून मीही वरच्या कचेरीला अर्ज केला. शुद्ध मराठीत, पण कळेल अशा. विषय : बाक परत मिळण्याबाबत. सोबत शब्दाचा सगळा इतिहास जोडला, इटलीपासून. त्याला चार महिने झाले. जर्मन भाषेत एखादे काम बेमुदत लांबणीवर टाकले की ‘लांब बाकावर सरकवले’ असे म्हणतात. आमचा अर्ज सध्या तिथे आहे, आणि आजी पायरीवर.