खाणीच्या गावाला डॉक्टर कसा मिळतो

एमबीबीएस झालेली मुले इंग्लंडला निघाली की आपल्याकडे ठरलेला आक्षेप ऐकू येतो: सरकारच्या पैशावर शिकली आणि परक्यांच्या सेवेला गेली, गडचिरोलीला जायला मात्र यांना नको. यातला राग खरा आहे, पण निदान चुकते. ही मुले तिकडे करतात काय, ते आधी पाहू. तिथे डॉक्टरकी करण्यासाठी लागणारी प्लॅब परीक्षा द्यायची, पुढे तीन वर्षांचे प्रशिक्षण घ्यायचे, की त्यातले काही जण जीपी होतात, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. खोकला, मधुमेह, गरोदरपण, म्हाताऱ्यांचे गुडघे, हेच त्यांचे रोजचे काम. इकडे ज्याला ‘नुसता एमबीबीएस’ म्हणून नाक मुरडले जाते, त्याच कामासाठी माणसे समुद्र ओलांडतात. तेव्हा काम नकोसे आहे, असे म्हणता येत नाही.

जुना दाखला याहून बोलका आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत भारतीय उपखंडातले हजारो डॉक्टर तिच्यात गेले. अनेकांना सर्जन किंवा फिजिशियन व्हायचे होते. मोठ्या रुग्णालयांत बढतीची वाट अडली, तेव्हा ते जीपी झाले आणि तिथले डॉक्टर जायला तयार नसलेल्या गावी गेले, वेल्सच्या कोळसा खोऱ्यांतसुद्धा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या माणसाला ती गावे अनोळखी वाटणार नाहीत: खाण, धूळ, धुळीने जखडलेल्या छात्या. हे डॉक्टर त्यागाच्या ओढीने गेले नव्हते, तरी कित्येक जण निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. त्यांना धरून ठेवले ते त्या पदाने. गावातल्या प्रत्येकाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत, त्या यादीच्या हिशेबाने सरकारकडून पैसे आणि तातडीची वेळ सोडली तर तज्ज्ञाकडे जायचे ते याच डॉक्टरच्या चिठ्ठीने. वेल्समधल्या अशाच एका खाणगावाचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी पोहोचते, आणि सेवा बाजारावर सोडली की ही तफावत वाढते. त्यांच्यासमोर वेल्स होते, पण गडचिरोलीलाही हे वाक्य तंतोतंत लागू पडते.

१४,४१२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पण केंद्र म्हणजे इमारत; डॉक्टर बरेचदा वर्षभराचा, बंधपत्रित, म्हणजे शिक्षणाच्या बदल्यात सक्तीची सरकारी सेवा करणारा. ‘धाप लागते’ला माडियात काय म्हणतात ते त्याला कळू लागते, तोवर मुदत भरते. सिकलसेलचे मूल घ्या. सांधे दुखतात, ताप येतो, रक्त उतरते, आणि हे जन्मभर चालते. त्याला एकच डॉक्टर वीस वर्षे हवा. त्याऐवजी दर वर्षी नवा चेहरा आणि तोच पहिला प्रश्न: कधीपासून दुखतंय? पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो, माणसाला खाटेवर घालून न्यावे लागते. अशा वेळी ‘रेफर’ लिहिलेल्या कागदाचा काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे याच जिल्ह्यातल्या हेमलकशात राहिलेच ना? तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतलेल्या डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीतच ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. हे डोंगराएवढे काम आहे, आणि म्हणूनच ते धोरणाचा आधार होऊ शकत नाही. असामान्य माणसे भेटतील या भरवशावर सामान्यांची सोय लावता येत नाही. दुसरी शंका अधिक वजनाची आहे. ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले, मग डॉक्टर हवाच कशाला? मला त्यातून वेगळाच धडा दिसतो. त्या बायका गावच्या होत्या, घराघराला ओळखत होत्या आणि जागा सोडून जाणाऱ्या नव्हत्या. हाच टिकाऊपणा डॉक्टरात हवा. आशाताईच्या हाताबाहेर गेलेले दुखणे ज्याच्याकडे पाठवायचे, तो पुढच्या वर्षीही तिथेच असावा.

बंधपत्र आणखी कडक करा, हा उपाय सोपा वाटतो. पण वर्षाच्या सक्तीतून वर्षच मिळते. इंग्लंडएवढा पगार आपण देऊ शकत नाही हे खरे, आणि काही मुले जाणारच. तो त्यांचा हक्क आहे. राहू पाहणाऱ्याला मात्र दहा वर्षांचे पद, नावनिशी नेमून दिलेली गावे, तालुक्याला धड घर आणि सेवाकाळ मोजून बढती देणे राज्याच्या आवाक्यात आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता गडचिरोलीतही आहे. दोन्हीकडे फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर जागा द्या, त्यात माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांना आधी घ्या. गडचिरोलीची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडण्याआधी हे पद शासन निर्णयात आले पाहिजे.