बारा तासांची पाळी आणि हृदयविकार



२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन आला की दरवर्षी तोच उपदेश छापून येतो: रोज चाला, तेल-मीठ कमी करा, सिगारेट सोडा, ताण घेऊ नका. सल्ला खोटा नाही. ५२ देशांतल्या रुग्णांवरच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने (२००४) पहिल्या झटक्याचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ कारणांत मोजून दाखवला. पण त्या नवांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेहाच्या जोडीला मानसिक-सामाजिक ताणही आहे, आणि तो काही माणसाचा स्वभावदोष नव्हे.

इथे नोएडात सोसायट्यांच्या फाटकावरचे गार्ड सर्रास बारा तासांची पाळी करतात. आठवड्याची एक सुट्टी धरली तरी ७२ तास झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्याला ३५-४० तासवाल्यापेक्षा हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. रात्रपाळीचा गार्ड झोप उडवायला गोड चहा पितो, बिडी ओढतो. नोव्हेंबरच्या विषारी धुरक्यात रात्रभर उघड्यावर बसतो. दिवसा मामूरा किंवा भंगेलच्या दाटीच्या खोलीत त्याला धड झोप लागत नाही. रोजी बुडेल म्हणून तो रक्तदाबही तपासून घेत नाही. यातली सवय कुठली आणि परिस्थिती कुठली, हे वेगळे काढून दाखवा! सेक्टर ६२ मधला आयटीवालाही अमेरिकेच्या घड्याळावर जागतो, पण त्याच्याकडे निदान विमा आणि वार्षिक तपासणी असते.

दोष निव्वळ सवयींचा नसतो, याचा दाखला लंडनच्या सरकारी नोकरांवरचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास देतो. कचेरीतलीच कामे, पक्की नोकरी, उपाशी कुणीच नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतले लोक वरच्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात हृदयविकाराने गेले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या साऱ्यांचा हिशेब करूनही ही दरी बुजली नाही.

म्हणून गार्डला ‘बिडी सोड’ सांगण्याआधी त्याचे तास कमी करा. ते आपल्या हातात आहे, कारण एजन्सीशी करार आपलीच सोसायटी करते. कार्यकारिणीतल्या वाचकांनी येत्या सर्वसाधारण सभेत, पगार न कापता आठ तासांच्या तीन पाळ्यांचा ठराव मांडावा. मेंटेनन्स वाढेल. तो आपण भरला पाहिजे.

— एक वाचक, नोएडा