स्वतःच्या गिरणीचा अपवाद

उद्योगपती संसदेत गेला की त्याच्याविषयी दोन मते ठरलेली असतात. ज्याने कारखाना चालवला तो देशही नीट चालवील, हे एक. तो तेथे जाऊनही धंदाच करील, हे दुसरे. दोन्ही मते किती उथळ आहेत हे समजून घ्यायचे, तर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश गिरणीमालक आणि मुत्सद्दी जॉन ब्राइट यांच्याकडे पाहावे.

लँकेशायरमधल्या रॉचडेल येथे १८११ मध्ये जन्मलेले ब्राइट वडिलांच्या सूतगिरणीत तयार झाले. घराणे क्वेकर पंथाचे, त्यामुळे युद्धाचा तिटकारा लहानपणापासूनचा. १८४१ मध्ये पत्नी गेली. सांत्वनाला आलेल्या, मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डेन यांनी त्यांना धान्य कायद्यांविरुद्धच्या लढ्यात पुरते ओढले. देशी गव्हाचा भाव क्वार्टर या मापामागे ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, अशी तरतूद १८१५ च्या कायद्याने केली होती. जमीनदारांचे उत्पन्न राखण्यासाठी गरिबांच्या पोटाला काढलेला हा चिमटा होता. १८४६ मध्ये हे कायदे रद्द करण्याचा निर्णय झाला आणि ब्राइट देशभर गाजले. मात्र, पाव स्वस्त झाला की मालक मजुरी कापतील, ही मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांची शंका अगदीच निराधार नव्हती. येथे गिरणीचे हित आणि जनहित एकाच वाटेने चालले होते. अशा विजयातून माणसाची पारख होत नाही.

ती झाली पुढे. क्रिमियाच्या युद्धज्वरात सारा देश तापलेला असताना ब्राइट यांनी युद्धाला विरोध केला. त्याची किंमत म्हणून १८५७ मध्ये मँचेस्टरच्या मतदारांनी त्यांना घरी बसवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमने त्यांना पुन्हा संसदेत धाडले. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरचा कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे मदतीवर जगू लागली. झळ ब्राइट यांच्या गिरण्यांनाही बसली. याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांवर पैशांचा पाऊस पाडला आणि १८६५ मध्ये यादवी संपताच शेअरबाजाराचा फुगा फुटला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडमधील बड्यांचा कल दक्षिणेकडे असताना ब्राइट मात्र गुलामगिरीविरुद्ध उत्तरेच्या बाजूने ठाम राहिले. हिंदुस्थानच्या प्रश्नावरही ते काळाच्या पुढे होते. जून १८५८ मध्ये त्यांनी एका गव्हर्नर जनरलऐवजी पाच स्वायत्त प्रांतांची योजना पार्लमेंटात मांडली. इंग्रज कधीतरी जाणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले.

एवढा तत्त्वनिष्ठ माणूस आपल्याच गिरणीच्या दाराशी मात्र अडखळला. स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत दिवसाला दहा तासांहून अधिक राबवू नये, असा कायदा १८४७ मध्ये झाला. ब्राइट यांनी त्याला कडाडून विरोध केला. मालक आणि मजूर यांच्या करारात सरकारने पडू नये, हा त्यांचा युक्तिवाद. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या पोरीला करार करण्याचे कसले स्वातंत्र्य, हा प्रश्न त्यांना पडला नाही. हा काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते विधेयक रेटणारे जॉन फील्डनही गिरणीमालकच होते आणि त्यांचे टॉडमॉर्डन रॉचडेलहून फार दूर नव्हते.

मुंबईतही तेच घडले. येथील मालकांनी फॅक्टरी कायद्याकडे स्पर्धक लँकेशायरचा डाव म्हणून बोट दाखवले. लँकेशायरचा मत्सर खराच होता. पण येथील कामगारांचे हालही तितकेच खरे होते. १८८१ च्या पहिल्या कायद्याने प्रौढ कामगारांच्या तासांना हातही लावला नाही. आठवड्याच्या सुट्टीसाठी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून कामगारांच्या सभा घ्याव्या लागल्या. ती मिळायला १८९० उजाडले.

म्हणून उद्योगपतीने राजकारणात येऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. ब्राइट नसते तर पार्लमेंट गरीब झाले असते. मात्र स्वतःच्या नफ्याचा प्रश्न आला की थोरामोठ्यांचीही नजर अधू होते, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारावी लागते. आपल्या राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. नुसत्या नोंदीने भागत नाही. ज्या धंद्यात सदस्याचा पैसा गुंतला आहे, त्या धंद्याच्या कायद्यावरील समितीत त्याने बसू नये आणि मतदानापासूनही दूर राहावे, हा नियम दोन्ही सभागृहांनी आणि विधिमंडळांनीही काटेकोरपणे पाळायला हवा. तो पाळला जातो की नाही, हे मतदारांनी उमेदवाराला तोंडावर विचारावे.