वेढे मोजणारी मुलं



विज्ञान प्रदर्शनी जवळ आली की बाजारातून टेस्ला कॉइलचे तयार किट येते. बॅटरी जोडली की जवळ धरलेला दिवा वायरशिवाय लागतो. बघणारे खूश! पण त्या मुलाला विचारा, "बेटा, तार अशीच का गुंडाळली?" उत्तर येत नाही. दोष त्याचा नाही. गुंडाळायचं काम आपणच त्याच्या हातून काढून घेतलं. म्हणून माझं म्हणणं आहे, तार मुलांनाच गुंडाळू द्या, आणि चुकूही द्या.

निकोला टेस्लाने ही कॉइल १८९१ मध्ये तयार केली. शाळेत करायच्या छोट्या कॉइलमध्ये जाड तारेचे चार-पाच वेढे बाहेर असतात आणि पाइपवर बारीक तारेचे दोन-तीनशे वेढे आत. ट्रान्झिस्टर बाहेरच्या तारेतला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे आतल्या तारेच्या वरच्या टोकाला मोठं व्होल्टेज तयार होतं.

हिवरखेडला माझ्या सातवीच्या मुलांचे मी तीन गट केले. पाइप, तार, बॅटरी सारखीच. पहिल्या गटाने वेढ्याला वेढा लावून एकच थर दिला. दुसऱ्याने मध्ये जागा सोडली. तिसऱ्याने घाईघाईत वेढ्यावर वेढे चढवले. टेस्टरमधला छोटा निऑन दिवा लाकडी पट्टीला बांधला आणि तो किती सेंटिमीटरवर विझतो ते वहीत लिहिलं. पहिला गट पुढे, तिसरा सगळ्यात मागे. खालचे-वरचे वेढे एकमेकांवर आले की तारेच्या पातळ लेपावर ताण येतो आणि ऊर्जा तिथेच वाया जाते.

एका मुलीचा दिवा लागेचना. "मॅडम, माहा काऊन नाही पेटत?" बाहेरच्या वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल केली, पेटला! गुंडाळण्याची दिशाही महत्त्वाची, हे ती आता विसरणार नाही.

पण खरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. "मॅडम, दुसऱ्या गटाचे तर वेढेच कमी भरले. मग फरक जागेमुळे का वेढ्यामुळे?" मी गप्पच झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच विसरले होते. मग वेढे मोजून सारखे केले आणि प्रयोग पुन्हा केला. उत्तर मुद्दाम सांगत नाही, तुमच्या वर्गात करून बघा.

आपल्या गावात मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत. जळालेली मोटार भरताना कारागीर आधी जुने वेढे मोजतो, तारेची जाडी बघतो. त्याला एक दिवस वर्गात बोलवा. मुलांना कळेल की हे काम पुस्तकातलंच नाही, आपल्या शेतातल्या विहिरीवरचंही आहे.

काळजी मात्र घ्या. फक्त ९ व्होल्टची बॅटरी वापरा, घरातली वीज अजिबात नाही. ठिणगीला बोट लावू देऊ नका. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून थोडा वेळच चालू ठेवा. मोबाइल दूर ठेवा आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला जवळ येऊ देऊ नका.

आमच्या वाकड्या कॉइलला प्रदर्शनीत नंबर मिळाला नाही, चकचकीत तयार किटला मिळाला. मुलं हिरमुसली. म्हणून परीक्षक म्हणून बसणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे, ठिणगी बघण्याआधी वही मागा. आणि पालकांनो, पुढच्या वेळी किटऐवजी तारेचं एक रीळ आणून द्या.